सर्व्हर 'ग्रब रेस्क्यू'वर अडकला? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

दूध संकलन केंद्र, पतसंस्था, शाळेची संगणक लॅब अशा ठिकाणी उबंटू लिनक्सवर चालणारे छोटे सर्व्हर असतात. लाईट जाते-येते, आणि एखाद्या सकाळी पडदा काळा. त्यावर फक्त 'ग्रब रेस्क्यू' आणि पुढे लुकलुकणारी रेघ. दुरुस्तीवाला आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "फॉरमॅट मारावं लागंल." थांबा. तसं केलं तर उत्पादकांचा सगळा हिशोब जाऊ शकतो, आणि बऱ्याच वेळा त्याची गरजच नसते.

ग्रब म्हणजे दारावरचा माणूस. मशीन चालू झालं की डिस्कवरची लिनक्स शोधून तो तिला उठवतो. त्याची स्वतःची फाईल जागेवर सापडली नाही की तो अडून बसतो. डिस्कचे भाग कुणी हलवले, डिस्कचा क्रम बदलला, की असं होतं. तुमचा डेटा मात्र बहुतेक वेळा जिथल्या तिथंच असतो.

आधी पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर काढा आणि मशीन बंद करून चालू करा. एवढ्यानंही कधी कधी काम होतं. नाही झालं तर कीबोर्ड घ्या. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत टाईप करायचं.

पहिली कमांड दोनच अक्षरांची, एल आणि एस. एंटर मारल्यावर कंसात नावं दिसतील, जसं (एचडी०) किंवा (एचडी०,एमएसडॉस१). नव्या मशीनवर एमएसडॉसच्या जागी जीपीटी असतं. आता एलएस, एक जागा, कंसासकट ते नाव आणि शेवटी स्लॅश असं टाका. ज्या भागात बूट, ईटीसी, होम ही नावं दिसतील तो आपला. 'अननोन फाईलसिस्टम' आलं तर पुढचा भाग बघा.

भाग सापडला की या चार ओळी, एकेक करून:

सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस१)
सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस१)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नका. लोक इथंच फसतात. 'इन्समॉड'चं स्पेलिंग आय-एन-एस-एम-ओ-डी. कंसातलं नाव तुमच्या पडद्यावर असेल तेच टाकायचं, वरचं नुसतं उदाहरण आहे.

नेहमीचा मेनू आला की एंटर मारा. मेनूऐवजी नुसतं 'ग्रब' आलं तर लिनक्स, इनिटआरडी आणि बूट या तीन कमांडी लागतात. पहिल्या दोघींना फाईलचं नाव द्यावं लागतं, पहिलीला मूळ भागाचं नावही. इथं टॅबची कळ दाबली की नाव आपोआप पुरं होतं. रेस्क्यूमध्ये ती सोय नाही.

सर्व्हर उठला म्हणजे काम संपलं असं नाही. पुन्हा बंद केला की तोच पडदा येईल. म्हणून टर्मिनल उघडून 'सुडो ग्रब-इन्स्टॉल' आणि मग 'सुडो अपडेट-ग्रब' चालवा. जुन्या पद्धतीच्या मशीनवर पहिलीला डिस्कचं नाव जोडावं लागतं, बहुधा 'स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए'. पुढे आकडा नको.

पहिल्याच एलएसला एकही डिस्क दिसली नाही तर वायर सैल असेल किंवा डिस्क गेली असेल. नुसतं (एचडी०) दिसलं आणि भाग एकही नाही, तर काहीच लिहू नका, मशीन बंद करून जाणकाराकडे न्या. फोनमध्ये पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्याला तोच लागेल.