काटेरी कुंपणाचा शत्रू : गंज

भारत-बांगलादेश सीमेची लांबी 4,096 किलोमीटरहून थोडी अधिक आहे. 1985 च्या आसाम करारात या सीमेवर भिंती व काटेरी तारांचे कुंपण उभारण्याचे कलम होते आणि त्यानंतर पश्चिम बंगाल, आसाम व मेघालयात पहिल्या टप्प्याचे काम झाले. पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाच्याच अहवालांत नमूद झाले, की प्रतिकूल हवामान आणि वारंवार पाण्याखाली जाणे यांमुळे या टप्प्यातील बहुतेक कुंपण निकामी झाले आहे. परिणामी तिसऱ्या टप्प्यात सुमारे 860 किलोमीटर कुंपण नव्याने उभारावे लागले. कुंपण तोडणारे हात असतातच. परंतु इतक्या लांबीचे कुंपण एकदम बाद करण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ते काम दमट हवेने व साचलेल्या पाण्याने केले.

भारताला लांबलचक काटेरी कुंपणाचा अनुभव त्याआधीच होता, आणि ते कुंपण जिवंत होते. मिठावरील कर चुकवून होणारी वाहतूक रोखण्यासाठी ब्रिटिश राजवटीने एकोणिसाव्या शतकात अंतर्गत जकात रेषा आखली आणि तिच्या शेकडो मैलांवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग व थोर यांची दाट कुंपणे वाढवली. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले गेले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम 1867 ते 1870 या काळात या जकातीचे आयुक्त होते आणि कुंपणाच्या लागवडीत त्यांनी विशेष लक्ष घातले होते. मात्र वाळवी, वणवा आणि नापीक जमीन यांपुढे झाडांचा निभाव लागेना. 1879 मध्ये ही रेषाच रद्द झाली.

त्याच दशकात, 24 नोव्हेंबर 1874 रोजी, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले. त्याच्या आधीही काहींनी अशा कल्पना मांडल्या होत्या. ग्लिडनची करामत इतकीच, की दोन तारांना पीळ देऊन त्यांच्यामध्ये काटा घट्ट धरून ठेवला. पेटंटांवरून झालेले वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1892 मध्ये निकाल ग्लिडनच्या बाजूने लागला.

पात्यांच्या तारेचा, म्हणजे आज ज्याला रेझर वायर म्हणतात तिचा जन्म टंचाईतून झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनीला तारेचा तुटवडा भासू लागला, तेव्हा सपाट पोलादी पट्टीतून ठशाने त्रिकोणी काटे कापून काढण्याची युक्ती पुढे आली. काम झपाट्याने होई, पण पट्टीच्या आत तार नसल्याने ती पत्रा कापण्याच्या कात्रीने सहज तुटे. ही उणीव नंतर भरून निघाली. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी सुमारे अडीच मिलिमीटरच्या ताणयुक्त पोलादी तारेभोवती दाबून गुंडाळली, की पाते आणि बळ दोन्ही मिळतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून ही तार तुरुंगांच्या भिंतींवर दिसू लागली.

बाजारात तिचे प्रकार पात्याच्या लांबीवरून ओळखले जातात. बीटीओ-22 मध्ये पाते 22 मिलिमीटरचे व दाट असते. सीबीटी-65 मध्ये ते 65 मिलिमीटरचे, पण विरळ असते. वेटोळी ठरावीक अंतरावर चिमट्यांनी एकमेकांना जोडली, तर तयार होते कॉन्सर्टिना. हे नाव एका वाद्याचे आहे. पेटीचा भाता जसा मिटतो आणि उघडतो, तसेच हे भेंडोळे ओढले की पसरते आणि सोडले की आवळते. तीच तार एका प्रतलात चपटी केली, तर अरुंद जागेत आणि वस्तीजवळ बसवता येते.

या सगळ्याचे आयुष्य ठरते ते जस्तावर. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. दोन्ही एकमेकांना टेकून ओले झाले, की आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. तार पितळ-चांदीसारखी चकचकीत दिसावी म्हणून हा थर दिलेला नसतो. तो स्वतः संपून जाण्यासाठीच दिलेला असतो. पात्यांच्या तारेत याला विशेष अर्थ आहे. पट्टीवर जस्ताचा थर आधी चढतो आणि पाती नंतर कापली जातात. त्यामुळे ज्या कडेला धार असते तिथेच पोलाद उघडे पडते. शेजारचे जस्त अर्ध्या मिलिमीटरच्या त्या कडेचे रक्षण करते, पण स्वतः उरले आहे तोवरच.

हिशेब सोपा आहे. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 275 ग्रॅम जस्त असेल, तर एका बाजूचा थर जेमतेम 20 मायक्रोमीटर भरतो. अतिसंक्षारक हवेत जस्त वर्षाला 2 ते 4 मायक्रोमीटर झिजते, म्हणजे आयुष्य पाच ते दहा वर्षे. कोरड्या हवेत जस्तावर कार्बोनेटचे चिवट पटल तयार होऊन झीज मंदावते. पाणी तुंबून राहिले, की ते पटल धड तयारच होत नाही. नदीकाठच्या सखल प्रदेशात कुंपण इतक्या लवकर का गेले, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले 304 दर्जाचे पोलाद यावर उपाय ठरते, आणि किनाऱ्यावर मॉलिब्डेनमयुक्त 316. पण किंमत पाहता हजारो किलोमीटरसाठी ते वापरणे अवघड.

हे जस्त शुद्ध रूपात मिळवण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळते, तर त्याच्या ऑक्साइडमधून ते सुटे होण्यासाठी त्याहून अधिक तापमान लागते. म्हणून ते भट्टीत वाफ होऊनच बाहेर पडते व हवा लागताच जळते. उदयपूरजवळच्या झावर येथील कारागिरांनी मातीची मूस उलटी ठेवून ही वाफ खाली उतरवली व थंड करून साठवली. 1980 च्या दशकातील उत्खननात एकेका भट्टीत 36 मुशी रचलेल्या सापडल्या. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात अशा वांग्याच्या आकाराच्या मुशीला ‘वृंताक’ म्हटले आहे. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताच्या ऊर्ध्वपातनाचे पेटंट घेतले ते 1738 मध्ये. पोलादाला जस्ताचे कवच देण्याचे सोरेलचे फ्रेंच पेटंट त्यानंतरचे, 1837 चे.

कुंपण टिकले, तरी ते काय करते हा प्रश्न राहतोच. 7 जानेवारी 2011 रोजी कूचबिहारच्या सीमेवर कुंपण ओलांडणाऱ्या पंधरा वर्षांच्या एका बांगलादेशी मुलीचे कपडे तारेत अडकले. तिच्यावर गोळी झाडली गेली आणि मृतदेह कित्येक तास तारेवर लटकत राहिला. काटा अडवतो, पण कोणाला अडवले हे त्याला कळत नाही. आणि काही ठिकाणी तो अडवूही शकत नाही. आसामात धुबरीजवळ ब्रह्मपुत्रेचे पात्र सतत सरकते, तिथे खांब रोवायला जागाच नाही. त्या 61 किलोमीटरच्या पट्ट्यासाठी मार्च 2019 मध्ये कॅमेरे, रडार आणि संवेदकांची ‘बोल्ड-क्यूआयटी’ यंत्रणा सुरू झाली. काश्मीरमधील नियंत्रण रेषेवर मात्र दर हिवाळ्यात हिमाच्या भाराने कॉन्सर्टिनाची भेंडोळी चेपतात, आणि बर्फ वितळला की जवान ती पुन्हा ताणून बांधायला निघतात.