उठावाची अक्षरं कुणी तपासायची? १८६८ च्या एका समितीची गोष्ट

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला 'हितसंबंधांचा संघर्ष' यावर हमखास टीप येते. आपण पाठ केलेली व्याख्या लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण हा नियम कुणाला तरी, कधीतरी, खऱ्या गरजेपोटी सुचला असणार ना? मला त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण सापडलं ते प्रयोगशाळेत नाही, तर अंधांसाठी काम करणाऱ्या लंडनच्या एका छोट्या संस्थेच्या कार्यकारिणीत.

आधी थोडी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये अंधांसाठी संस्था अठराव्या शतकाच्या शेवटी निघू लागल्या. १७९१ मध्ये लिव्हरपूल, १७९३ मध्ये एडिंबरो आणि ब्रिस्टल, १७९९ मध्ये लंडन. चालवणारे कोण? गावातले व्यापारी, पाद्री, डॉक्टर. वर्गणी द्यायची, सभेला बसायचं, मोबदला काही नाही. आपल्याकडचे ट्रस्टी असतात तसेच. अंध मंडळींनी टोपल्या, चटया, दोर करायचे आणि जमल्यास वाचायला शिकायचं.

या 'वाचायला शिकायचं'पाशी गाडी अडली. कागदावर उठावाची अक्षरं छापली तर बोटाने वाचता येतात, हे पॅरिसमध्ये आधीच सिद्ध झालं होतं. पण अक्षरं कोणती? १८३२ मध्ये एडिंबरोच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने सर्वोत्तम लिपीसाठी सुवर्णपदक जाहीर केलं. स्पर्धेत नव्याच खुणांच्या लिप्याही आल्या होत्या. पदक मिळालं लंडनच्या एडमंड फ्राय यांना. हे छापखान्याचे खिळे पाडणारे गृहस्थ. त्यांची लिपी म्हणजे साधी रोमन कॅपिटल अक्षरं, फक्त उठावाची. निकाल लागेपर्यंत १८३७ उजाडलं आणि तोवर फ्राय वारलेही होते.

ग्लासगोच्या अंधाश्रमाचे मानद खजिनदार जॉन अल्स्टन यांनी ही अक्षरं थोडी सुधारून घेतली, आश्रमातच छापखाना घातला आणि १८४० पर्यंत सगळं बायबल छापून काढलं. १९ जाडजूड खंड! हे सगळं विनावेतन केलं. अल्स्टनच्या तळमळीबद्दल शंका घ्यायला मुळीच जागा नाही, आणि मला वाटतं गोष्टीची खरी गोम इथेच आहे. रोमन अक्षरांच्या बाजूचे युक्तिवाद बघा. शिक्षकाला वेगळं काही शिकावं लागत नाही. घरची डोळस माणसं मुलाला मदत करू शकतात. अंध माणूस समाजापासून वेगळा पडत नाही. पुस्तक देणगीदाराच्या हातात दिलं तर त्यालाही वाचता येतं. एकही मुद्दा मूर्खपणाचा नाही. फक्त यातला एकही मुद्दा बोटाचा नाही.

तोवर दुसरीकडे लिप्यांचं पीक आलं. ल्युकस आणि फ्रिअर या दोघांनी लघुलिपीच्या धर्तीवर दोन वेगवेगळ्या लिप्या काढल्या. ब्राइटनच्या विल्यम मून यांनी १८४५ मध्ये रोमन अक्षरं सोपी करून आणखी एक काढली. मून स्वतः अंध होते. पॅरिसमध्ये लुई ब्रेलची ठिपक्यांची पद्धत १८२९ मध्येच छापून आली होती, पण ब्रिटनमध्ये तिला फारसं कुणी विचारत नव्हतं. प्रत्येक लिपीमागे एक शोधक, एक छापखाना, एक देणगीदार मंडळ. आधीच मोजकी पुस्तकं, त्यात एका गावात शिकलेल्या अंध माणसाला दुसऱ्या गावचं पुस्तक वाचता येत नाही.

आता आर्मिटेज. थॉमस रोड्स आर्मिटेज (जन्म १८२४) हे डॉक्टर. नजर अधू होत गेल्याने साधारण १८६० मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. घरी पैसा होता. गरीब अंधांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या एका संस्थेत ते काम करू लागले आणि तिथे हा लिप्यांचा गोंधळ त्यांनी जवळून पाहिला. १६ ऑक्टोबर १८६८ ला त्यांच्या लंडनच्या घरी डॅनियल कॉनोली आणि डब्ल्यू. डब्ल्यू. फेन भेटले. फेन हे दृष्टी गेलेले चित्रकार. लवकरच डॉ. जेम्स गेल सामील झाले. हे गृहस्थ बंदुकीची दारू सुरक्षित साठवण्याच्या युक्तीसाठी प्रसिद्ध होते! उठावाच्या छपाईत सुधारणा करण्यासाठी या मंडळींनी एक संस्था काढली.

तिच्या कार्यकारिणीत बसायला तीन अटी होत्या. एक, माणूस अंध हवा, किंवा त्याची नजर इतकी अधू हवी की वाचन बोटानेच करावं लागतं. दोन, त्याला किमान तीन लिप्या बोटाने वाचता आल्या पाहिजेत. तीन, कुठल्याही लिपीत त्याचा आर्थिक हितसंबंध नसावा.

या अटी नीट बघा. पहिली अट भावनेतून आलीय असं वाटेल, पण मला ती उपकरण निवडण्याची अट वाटते. डोळ्याला जे स्पष्ट दिसतं ते बोटाला स्पष्ट लागेलच असं नाही. एकमेकांना टेकलेल्या रेषा, बारीक वळणं हे सगळं त्वचेला एकच गोळा वाटू शकतं. सुटा ठिपका बोटाला चटकन कळतो. आजच्या ब्रेलमध्ये शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं, आणि सहा ठिपक्यांचा पूर्ण चौकोन बोटाच्या टोकाखाली एकदम मावतो. मी विज्ञानाकडची, त्यामुळे मला हे असं दिसतं: तापमान मोजायला तराजू घेऊन बसलेल्यांना या मंडळींनी आधी बाजूला केलं. दुसरी अट म्हणजे तुलनेची सोय. ज्याला एकच लिपी येते त्याला आपली सवय आणि लिपीचा गुण यातला फरक कळणार कसा? तिसरी तर तुमच्या टीपेतलीच.

आणि या अटीमुळे मून बाद होतात, हे लक्षात घ्या. ते अंध होते, अनुभवी होते, पण त्यांची स्वतःचीच लिपी होती. म्हणजे अंध असणं पुरेसं धरलं नव्हतं.

समितीने दोन वर्षं घेतली आणि १८७० मध्ये ब्रेलच्या बाजूने कौल दिला. वाचण्याखेरीज एक मोठं कारण होतं लिहिण्याचं. पाटी आणि टोचा घेऊन अंध माणूस ब्रेल स्वतः लिहू शकतो. टिपणं काढू शकतो, लिहिलेलं पुन्हा वाचू शकतो. अल्स्टनच्या १९ खंडांत ही सोय नव्हती. त्या व्यवस्थेत अंध माणूस फक्त वाचक होता. आर्मिटेज पुढची वीस वर्षं, १८९० मध्ये मृत्यू येईपर्यंत, हेच काम करत राहिले.

अटी नसत्या तर काय झालं असतं, याचा नमुना अमेरिकेत मिळतो. त्याच १८६८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अंधशाळेचे प्रमुख विल्यम बेल वेट यांनी 'न्यूयॉर्क पॉइंट' नावाची ठिपक्यांची लिपी काढली आणि स्वतःच तिचा प्रचार केला. शोधकही तेच, शाळा चालवणारेही तेच. तिथलं लिप्यांचं भांडण मग कितीतरी दशकं चाललं. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळापुढे सुनावणी झाली तेव्हा हेलन केलर यांनी ब्रेलची बाजू घेतली. इंग्रजी ब्रेलवर ब्रिटन-अमेरिकेचं एकमत व्हायला १९३२ साल लागलं. भारतातही वेगवेगळ्या ब्रेल पद्धती चालू होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, म्हणून आज मराठी आणि गुजराती 'क' चे ठिपके एकच आहेत.

लंडनच्या त्या संस्थेचं पुढे काय झालं? १९१४ मध्ये ती 'नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड' झाली. मोठी इमारत, मोठ्या देणग्या. नावातला 'फॉर' म्हणजे 'साठी' पुढे लोकांना खुपू लागला. सध्याच्या नावात 'ऑफ ब्लाइंड पीपल' म्हणजे 'अंधांची' असं आहे आणि ते २००७ चं आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते. पहिल्या चौघांत एकही स्त्री नव्हती. आणि किमान तीन लिप्या येणारा अंध माणूस १८६८ मध्ये कोण असणार? वेळ आणि पैसा असलेला, शिकलेला. टोपल्या विणून बोटांना घट्टे पडलेला, पन्नाशीत दृष्टी गेलेला कामगार त्या दुसऱ्या अटीपाशीच बाहेर राहतो. गंमत म्हणजे अशा बोटांना मूनची मोठी, मोकळी अक्षरं जास्त सोपी जात, आणि हे आर्मिटेजनीही मान्य केलं होतं.

यावर कुणाला काम करायचं असेल तर आर्मिटेज यांचं अंधांच्या शिक्षण आणि रोजगारावरचं पुस्तक (पहिली आवृत्ती १८७१, दुसरी १८८६) जरूर वाचा. पण ते जिंकलेल्या बाजूने लिहिलंय, म्हणून मूनच्या बाजूची कागदपत्रं शेजारी ठेवूनच वाचा.