खाल्लेलं अंगी का लागत नाही?

मामाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्याचं कळलं, त्या रात्री मी एक एक्सेल शीट उघडली. तारीख, वजन, दिवसभरात काय खाल्लं, अंदाजे कॅलरी. सॉफ्टवेअरवाल्याला दुसरं सुचणार तरी काय? दर शनिवारी मी पुण्याहून कराडला जायचो. मामी आठवड्याची वही पुढे करायची आणि मी आकडे भरायचो.

मामीने काही करायचं बाकी ठेवलं नाही. नाचणीचं सत्त्व, अंडी, डिंकाचे लाडू, मऊ भातावर साजूक तूप. "अहो, एवढा एकच घास," असं ती म्हणायची आणि मामा मान फिरवायचा. अडीच महिन्यांत ६८ किलोंचे ५७ झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खाल्लेलं अंगी लागत नाहीये त्यांच्या." मला ते अडाणीपणाचं वाटलं. वजन म्हणजे आत गेलेल्या कॅलरी वजा खर्च झालेल्या कॅलरी, एवढं साधं गणित! मी मामाला सुनावलं, "मामा, तू मनावरच घेत नाहीस." तो काही बोलला नाही.

मामा गेल्यावर मी या विषयावर वाचायला लागलो. तेव्हा कळलं की काकूंचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

या खंगण्याला वैद्यकात 'कॅकेक्सिया' म्हणतात. शब्द ग्रीक आहे: 'काकोस' म्हणजे वाईट आणि 'हेक्सिस' म्हणजे अवस्था. आपल्याकडे टीबीचं नावच 'क्षय' पडलं, कारण रोगी झिजताना सगळ्यांना दिसायचा. दिसत सगळ्यांना होतं, पण त्याचा वेगळा अभ्यास व्हायला फार वेळ लागला. १९३२ साली शील्ड्स वॉरन या अमेरिकन डॉक्टरने कॅन्सरने गेलेल्या ५०० जणांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मृत्यूच्या थेट कारणांमध्ये कॅकेक्सिया सर्वांत वर होता, सुमारे २२ टक्के. १९८० साली अमेरिकेतच ३,०४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. केमोथेरपी सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन घटलं होतं, ते बहुतेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये इतरांपेक्षा कमी जगले.

मग उपाय सरळ वाटतो: खायला घाला. डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. शिरेतून थेट पोषण देण्याची सोय झाल्यावर ती कॅन्सरच्या रुग्णांवरही वापरून पाहिली गेली. पण केमोथेरपी घेणाऱ्यांना सरसकट असं पोषण देऊन आयुष्य वाढत नाही, उलट जंतुसंसर्ग वाढतो, असं दिसून आलं. म्हणजे घास तोंडाने घ्यायची गरजच उरली नाही, तरीही ते अंगी लागेना.

याचा धागा मिळाला तो कॅन्सरपासून लांब, आफ्रिकेतल्या गुरांमध्ये. तिथल्या त्से त्से माशीमुळे होणाऱ्या रोगात जनावरं खंगून मरतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले अँथनी सेरामी यावर काम करत होते. त्यांनी सशांना या रोगाची लागण केली. ससे वाळत गेले, पण त्यांच्या शरीरात परजीवी मोजकेच होते. एवढेसे जंतू सगळं अन्न खाऊन टाकणं शक्य नव्हतं. म्हणजे झिजायचा हुकूम सशाचं स्वतःचं शरीरच देत असणार. तो हुकूम वाहून नेणाऱ्या प्रथिनाला त्यांनी 'कॅकेक्टिन' नाव दिलं. १९८५ मध्ये सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाला आढळलं, की हे प्रथिन म्हणजे आधीच माहीत असलेला टीएनएफ. गाठी मारणारा पदार्थ म्हणून ज्याच्याकडे आशेने पाहिलं जात होतं, तोच हा!

मग टीएनएफ अडवणारी औषधं आली. संधिवाताच्या रुग्णांना ती वरदान ठरली, पण कॅन्सरमधलं खंगणं त्यांनी थांबलं नाही. असे हुकूम देणारे पदार्थ अनेक आहेत. उपाशी माणसाचं शरीर आधी चरबी जाळतं आणि स्नायू शक्य तितके वाचवतं. कॅकेक्सियात दोन्ही एकदमच वितळतात आणि भूकही मरते. २०११ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन याची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं तर ती धोक्याची खूण, आणि हे खंगणं नुसत्या आहाराने पूर्ण भरून येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

ते वाचताना मला मामीची वही आठवली.

आता वाट थोडी उजळली आहे. २०१७ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी जीडीएफ-१५ या प्रथिनाचा मेंदूच्या बुंध्यातला ग्राहक शोधला. भूक मारणारा निरोप तिथे पोचतो. हे प्रथिन अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाची १८७ रुग्णांवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत मोठा डोस घेतलेल्यांचं वजन १२ आठवड्यांत, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत, सरासरी २.८ किलोंनी जास्त भरलं. आणि आपल्याकडे, पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये, डॉक्टरांनी मानसिक आजारांवरचं ओलान्झापीन हे जुनं, स्वस्त औषध केमोथेरपी घेणाऱ्या १२४ रुग्णांवर तपासलं. रोज फक्त २.५ मिलिग्रॅम. १२ आठवड्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले, औषध घेणाऱ्यांत ६० टक्के निघाले आणि न घेणाऱ्यांत ९ टक्के. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले आणि त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या.

म्हणून आहार सोडून द्यायचा, असं नाही. प्रथिनं, झेपेल तेवढी हालचाल, आहारतज्ज्ञाचा सल्ला, हे सगळं लागतंच. पण घरात कुणाला कॅन्सर असेल आणि वजन उतरत असेल, तर ते पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आकड्यांसकट सांगा. रोगाचा भाग समजून गप्प बसू नका.

आणि ताटावरून भांडू नका. मामा हट्टी नव्हता आणि मामीही कमी पडली नव्हती. मागच्या दिवाळीला मी मामीला हे सगळं जमेल तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताचं त्यांना नको झालं होतं, असं नव्हतं ना रे?"

नव्हतं, मामी.