हरेलीचा खिळा आणि पोलादाचे गाव

छत्तीसगडच्या मैदानी भागातील, विशेषतः दुर्ग, भिलाई, बालोद आणि राजनांदगाव या पट्ट्यातील विधींमध्ये लोखंडाला जे स्थान आहे त्याचा माग काढू लागताच एक गोष्ट प्रथम लक्षात येते, ती अशी की केवळ पूजेसाठी राखून ठेवलेले आणि एरवी कशालाही न लावलेले पाते येथील शेतकरी घरात सहसा आढळत नाही. वर्षभर मातीत, लाकडात आणि गवतात राबलेले हत्यारच ठरलेल्या दिवशी धुऊनपुसून देवापुढे, किंबहुना देव म्हणूनच, मांडले जाते आणि पूजा आटोपल्यावर ते पुन्हा कामाला लागते. शस्त्राची निवड, त्याची शुद्धी आणि त्याचे सामर्थ्य या तिन्ही बाबींचा विचार येथे होत आला, परंतु तो पात्याच्या आकारापेक्षा ते कोणत्या भट्टीतून आणि कोणाच्या हातून आले याला धरून झाला. पुढे याच मुलखात देशातील एक अजस्र पोलाद कारखाना उभा राहिल्यामुळे या विचाराची जी ओढाताण झाली, ती नीट समजण्यासाठी आरंभ हरेलीपासून करावा लागतो.

हरेली हा छत्तीसगडच्या कृषिवर्षातील पहिला सण. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेनुसार तो श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे महाराष्ट्रातील अमान्त पंचांगात तीच आषाढ अमावास्या, जिला पश्चिम महाराष्ट्रात दिव्यांची अवस आणि विदर्भात जिवती म्हणतात. या सुमारास पेरणीची घाई ओसरलेली असते. नांगर, कुदळ, फावडे, विळा, वाकस अशी सर्व अवजारे धुऊन अंगणात मुरूम पसरून त्यावर ठेवली जातात, त्यांना तांदळाच्या पिठाचे हात उमटवले जातात, गूळ घातलेल्या चिल्याचा म्हणजे तांदळाच्या धिरड्याचा नैवेद्य दाखवला जातो, आणि मुले गेडी नावाच्या बांबूच्या उंच काठ्यांवर चढून चिखलातून फिरतात. राऊत, म्हणजे गावाची गुरे राखणारा, दारोदारी कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतो. लोहार प्रत्येक घराच्या चौकटीत लोखंडाचा एक खिळा ठोकतो, आणि दोघांनाही त्याबद्दल धान्य मिळते. रात्री बैगा, म्हणजे गावदेवतांचा पुजारी व मांत्रिक, गावाची शीव बांधतो, त्यामुळे रोगराई आणि करणी गावाबाहेर थोपवली जाते अशी समजूत आहे. बस्तरच्या प्रसिद्ध दसऱ्याचा पहिला विधी, म्हणजे रथासाठी आणलेल्या लाकडाची पूजा होणारी पाट जात्रा, हाही याच अमावास्येला होतो, यावरून या तिथीचे आणि कारागिरीचे नाते किती जुने असावे याची कल्पना येते. २०१९ पासून राज्य शासनाने हरेलीला सार्वजनिक सुट्टी दिली.

या साऱ्या विधीत खिळा दिसायला सर्वांत क्षुल्लक असला तरी अर्थाच्या दृष्टीने तो सर्वांत बोलका आहे. तो बाजारातून आणून घरधन्याने स्वतः ठोकला तर काम भागत नाही. तो लोहाराने आणायचा आणि लोहारानेच ठोकायचा असतो. लोहाराला वर्षभराच्या कामाबद्दल नांगरामागे ठरलेले धान मिळण्याची जी जुनी रीत होती, आणि जी मराठी वाचकाला बलुत्यामुळे परिचित आहे, तिचाच हा खिळा एक भाग होय. फाळ शेवटणे, विळ्याला दाते पाडणे आणि घराला खिळ्याने राखणे ही एकाच माणसाची एकाच मोबदल्यातील कामे असल्यामुळे विधी कोठे संपला आणि व्यवसाय कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही.

लोखंडाने अनिष्ट दूर राहते हा समज मराठी मुलखातही तितकाच खोल आहे. बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवणे आणि हळद लागलेल्या नवरदेवाच्या हातात टोकाला लिंबू खोवलेली कट्यार देणे या चाली विदर्भात अद्याप दिसतात. कट्यार नसेल तर अडकित्ताही चालतो. छत्तीसगडमध्ये तर सरोता, म्हणजे अडकित्ताच, हातात घेतलेला वर नवलाचा वाटत नाही. ही कट्यार काही कापत नाही, तिला धार आहे की नाही हेही कोणी पाहत नाही, ती शेजारून मागून आणलेली असली तरी हरकत नसते. विधीसाठीच हाती घेतलेले आणि कापण्यासाठी न वापरलेले पाते या अर्थाने हे या प्रदेशातील सर्वांत जवळचे उदाहरण आहे.

लोखंडाचे सामर्थ्य मुळात कोठून येते याचे सर्वांत तपशीलवार उत्तर आगरिया या जमातीच्या परंपरेत सापडते. मैकल डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना, मंडला, बालाघाट आणि बिलासपूरच्या वनप्रदेशात राहणारे आगरिया हे दगडापासून लोखंड गाळणारे लोक. मातीची कमरेएवढी भट्टी, सालाच्या लाकडाचा कोळसा, आणि पायांनी दाबून चालवायचे कातडी भाते एवढ्या सामग्रीवर ते मऊ, घडवता येण्याजोगे लोखंड काढीत. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या दैवतांची जी मांडणी दिली आहे, ती थेट भट्टीच्या रचनेवर बेतलेली आहे: भट्टीत लोहासुर, कोळशात कोयलासुर आणि अग्नीत अग्यासुर. असुरांनाच उपास्य मानणारी ही परंपरा पुराणांतील देवासुरकथेला उलटी धरते, आणि सूर्याला तर ती आपल्या पूर्वजांच्या लोहनगरीचा वैरी समजते. अशा भट्टीतून नुकत्याच निघालेल्या लोखंडाला कुंवारे, म्हणजे अद्याप कोणत्याही कामी न आलेले, लोखंड म्हणत आणि अंगठ्या, कडी व खिळे यांसाठी त्याला शेजारपाजारच्या गावांत मागणी असे, कारण भूतबाधेवर ते विशेष गुणकारी मानले जाई. येथे हरेलीच्या राबत्या अवजाराहून वेगळा, जवळजवळ विरुद्ध न्याय दिसतो. तरीही दोन्हीकडे वस्तूची पत तिच्या घडणाऱ्यावरून ठरते हे सूत्र कायम राहते.

या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध शस्त्रामुळेच आला. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी रतनपूरच्या हैहय राज्यावर चाल केली; त्याच वर्षी मराठ्यांनी छत्तीसगड व्यापण्याच्या मोहिमेचा तळ दुर्ग येथे ठेवल्याची नोंद इंग्रजी गॅझेटिअरमध्ये आहे. रघूजींचे पुत्र बिंबाजी हे पुढे १७८७ पर्यंत रतनपुरात राहून कारभार पाहत होते. मोडी लिपीतील दप्तर, रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर, आणि दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल या गोष्टी तेथील परंपरेत त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आश्विन शुद्ध नवमीला, मराठी घरांत खंडेनवमी होते, म्हणजे शस्त्रे आणि हत्यारे पुजली जातात. मूळ तलवारबहाद्दरांची असलेली ही तिथी कारागिरांनी आपल्या करवती, कानशी आणि हातोड्यांसाठी केव्हाच आपलीशी केली. जेजुरीला दसऱ्यात उचलला जाणारा, सरदार पानसे यांनी अर्पण केलेला सुमारे ४२ किलोचा खंडा हे या पूजेचे सर्वांत वजनदार रूप म्हणता येईल. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तरी मराठी कुटुंबे छत्तीसगडात राहिली आणि हरेलीच्या मुलखात त्यांची खंडेनवमी चालू राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या साऱ्या रचनेचा पायाच ढासळू लागला. राखीव जंगलांच्या कायद्यांमुळे कोळसा पाडणे अवघड झाले, भट्टीमागे कर बसला, आणि १८८० च्या दशकात नागपूरकडून आलेल्या रेल्वेने विलायती लोखंड थेट बाजारात आणून टाकले. आगरियांच्या लोखंडाला गिऱ्हाईक असे जे उरले त्यात विधीसाठी मागणारे गिऱ्हाईकही होते, ही बाब अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही. फाळासाठी स्वस्त विलायती पट्टी चालत होती, पण बाधेवरच्या कड्यासाठी ती चालत नव्हती. याच दशकात भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी दल्ली-राजहरा डोंगरातील लोहखनिजाची नोंद केली. पोलाद कारखान्यासाठी जागा शोधणारे दोराबजी टाटा नागपुरात असताना त्यांच्या नजरेस संग्रहालयातील एक भूगर्भीय नकाशा पडला, त्यावर दुर्गच्या परिसरात लोखंडाची खूण होती, आणि त्या मागावर भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स वेल्ड यांच्यासह शोधपथक या डोंगरावर पोचले. खनिज उत्तम निघाले, परंतु जवळपास पुरेसे पाणी आणि योग्य कोळसा नसल्यामुळे टाटांचा कारखाना अखेर पूर्वेकडे गेला.

राजहऱ्याचे खनिज भट्टीत जायला अर्धशतक लागले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्यासाठी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. वर्षाला १० लाख टन ही आरंभीची क्षमता होती. त्यानंतर आसपासच्या गावांतील लोहाराला लोखंड कोठून आले हे सांगण्याजोगे उरले नाही; रुळाचे तुकडे, मालमोटारीच्या कमानीचे पाटे, बांधकामातील सळ्या हाच त्याचा कच्चा माल झाला. घडणारा हात मात्र ओळखीचाच राहिल्याने हरेलीच्या खिळ्याला त्याने बाध आला नाही.

कारखान्याच्या आत मात्र घडणारा हातच नाहीसा झाला होता आणि त्याची जागा यंत्राने घेतली होती. बंगाल, ओडिशा, आंध्र, केरळ, महाराष्ट्र अशा प्रांतांतून आलेल्या कामगारांमध्ये समान ठरेल अशी पूजा विश्वकर्म्याची निघाली. ही सूर्याच्या कन्या संक्रमणाशी बांधलेली असल्याने दर वर्षी १७ सप्टेंबरच्या आसपासच येते, आणि चांद्र तिथीने सरकणाऱ्या हरेली किंवा खंडेनवमीपेक्षा पाळ्यांवर चालणाऱ्या कारखान्याला ती सोयीची पडली, हे तिच्या यशाचे एक साधे कारण मानायला हरकत नाही. ज्याला कोणी एका माणसाने घडवले असे म्हणता येत नाही त्या यंत्राला घडणारा देव मिळाला. याची काळी बाजू अफवांतून दिसते. भिलाईवर दीर्घकाळ संशोधन करणारे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी कारखान्याच्या उभारणीसाठी मुलांचे बळी दिले गेल्याच्या कंड्या परिसरातील गावांत नोंदवल्या आहेत. अशा कंड्या धरणे आणि पूल यांच्याबाबतीतही सर्वत्र उठतात, आणि त्यांना घटना समजण्याचे कारण नाही. परंतु भट्टी काही मागितल्याशिवाय पेटत नाही ही लोहासुराच्या काळातील धारणा झोतभट्टीपर्यंत कशी टिकली याचा त्या पुरावा आहेत.

घडणाऱ्यावरून पाते पारखण्याच्या या रीतीशेजारी पश्चिमेकडील विक्का या नव्या धर्मपंथाची चाल ठेवून पाहिली असता निवडीचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. विक्का म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गोपासनेचा वारसा सांगणारा, प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आकाराला आलेला पंथ. त्याचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर हे आयुष्याची बरीच वर्षे सिलोन, बोर्निओ आणि मलाया येथे मळ्यांवर व जकात खात्यात होते, आणि मलय कट्यारींवरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये निघाला. मलय लोक क्रिस या नागमोडी कट्यारीचे पाते अंगठ्याच्या मापाने मोजून ते मालकाला लाभेल की नाही हे ठरवीत. चेटूकविषयक जुना कायदा इंग्लंडमध्ये १९५१ मध्ये रद्द झाला, आणि १९५४ मध्ये गार्डनर यांनी आपल्या पंथाची उघड मांडणी केली. त्यात अथामे या काळ्या मुठीच्या दुधारी सुरीने वर्तुळ आखायचे असते, प्रत्यक्ष कापण्यासाठी पांढऱ्या मुठीची दुसरी सुरी ठेवायची असते. काळ्या आणि पांढऱ्या मुठींची ही जोडी सॉलोमनच्या नावाने चालणाऱ्या जुन्या युरोपीय मंत्रग्रंथातून आलेली आहे. सुरी विकत घेणारा साधक तिच्या लोहाराला ओळखत नसल्यामुळे तिची शुद्धी आणि प्रतिष्ठा त्याने स्वतः करावयाची असते, आणि साहजिकच मूठ, वजन, धातू यांची चिकित्सा खरेदीच्या वेळीच होते. हरेलीच्या शेतकऱ्याला ही चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते, कारण त्याच्या वतीने ती लोहाराने आधीच केलेली असे.

या तुलनेला जो भेद सर्वांत जास्त छेद देतो तो मात्र सुरीचा नाही. विक्कन साधक स्वतःला चेटकीण म्हणवून घेतो. छत्तीसगडमध्ये टोनही, म्हणजे नजरेने वा मंत्राने अपाय करणारी समजली जाणारी स्त्री, ही ओळख नेहमी दुसऱ्याने लादलेली असते, आणि ती लादली गेलेल्या बाईला मारहाण, बहिष्कार, प्रसंगी मृत्यूही सोसावा लागला आहे. हरेलीची रात्र टोनहीची रात्र मानली जाते. चौकटीतला खिळा ज्या भयावर उतारा आहे त्याच भयाने गावातील एखादी एकटी विधवा हेरली जाते, ही गोष्ट या सणाच्या कौतुकात विसरता येत नाही. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला. त्याच्या आठ वर्षे आधी, २००५ मध्ये, छत्तीसगड विधिमंडळाने टोनही प्रताडना निवारण अधिनियम संमत केला होता, आणि त्यानुसार एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवणे, त्यावरून तिचा छळ करणे, तसेच टोनही उतरवण्याच्या नावाखाली झाडफूक करणे हे शिक्षापात्र अपराध झाले. अवजारांची पूजा, निंबाची डहाळी आणि लोहाराचा खिळा यांना हा कायदा हात लावत नाही. त्याचा रोख माणसाकडे बोट दाखवण्यावर आहे.