चिठ्ठी उचलण्याआधी

आम्ही पाच भावंडांनी (सख्खी, चुलत, मावस अशी सरमिसळ) मिळून गावाकडे दोन एकर जमीन घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. म्हणजे ऐंशी गुंठे. पाच जण, सोळा-सोळा गुंठे, हिशोब तोंडपाठ. पण मागच्या महिन्यात दादाने फोनवर "आता वाटणी करून टाकूया" म्हटलं आणि सगळ्यांची तोंडं जराशी बदलली. रस्त्याकडची बाजू कोणाला? ओढ्याकडची, पावसाळ्यात चिखल होणारी, कोणाला? "चिठ्ठ्या टाकू, मग भांडणच नको," असं ताईचं म्हणणं.

मला एकदम मॅरिएटा आठवलं.

मॅरिएटा हे ओहायो राज्यातलं एक छोटंसं गाव. मस्किंगम नदी ओहायो नदीला मिळते, बरोबर त्या संगमावर. काही वर्षांपूर्वी आप्पा आमच्याकडे आले होते, तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. तिथे ओहायो कंपनीची जुनी जमीन-कचेरी जपून ठेवली आहे. लाकडी, बुटकी, आपल्याकडच्या जुन्या चावडीची आठवण यावी अशी. आयुष्यभर तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेले आप्पा तिथे चांगलेच रमले!

तर गोष्ट अशी. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा सरकारकडे पैसा नव्हता. सैनिकांना पगारापोटी कागद दिले होते आणि त्या कागदांची बाजारातली किंमत दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी खाली गेली होती. रूफस पटनम आणि त्याच्यासारख्या जुन्या अधिकाऱ्यांना वाटलं, या कागदांवर जमीनच घ्यावी. 1786 च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या एका खानावळीत बसून त्यांनी कंपनी काढली. एक हजार भाग, प्रत्येक भाग एक हजार डॉलरच्या कागदांचा, वर खर्चासाठी दहा डॉलर सोन्या-चांदीत. एकाला पाचपेक्षा जास्त भाग घेता येणार नाहीत. आणि ज्याला पूर्ण भाग झेपत नाही, त्याने चार जणांना जमवून एकाच्या नावावर घ्यावा. हे वाचून आप्पा हसले. "म्हणजे भिशीच की!"

1787 च्या ऑक्टोबरात काँग्रेसशी करार झाला. पंधरा लाख एकर. भाव एकरी एक डॉलर, पण खराब जमिनीपोटी एक तृतीयांश सूट. निम्मे पैसे आधी भरायचे. 7 एप्रिल 1788 ला पहिले 48 जण नावेतून संगमावर उतरले.

आता खरा प्रश्न, आमच्या ओढ्याचाच. वाटायचं कसं?

त्यांनी जमिनीचे हजार सारखे तुकडे करून एकेक वाटला नाही. तसं केलं असतं तर एकाला नदीकाठची काळी जमीन आणि दुसऱ्याला उभी टेकडी आली असती. त्यांनी प्रत्येक भागाचेच तुकडे केले. एका भागाला आठ एकर, तीन एकर, गावात घरापुरती जागा, 160 एकर, 100 एकर, 640 एकर आणि शेवटी 262 एकर. सगळं मिळून 1173 एकरांच्या थोडं वर. हे तुकडे एकमेकांपासून लांब. एका वाटणीत नशीब फिरलं तर दुसरीत सावरायला जागा. तीन एकरांची वाटणी तर नंतर घातलेली, कारण आठ एकरांचे तुकडे कित्येकांना गावापासून फार दूर पडले होते. पहिली वाटणी चुकली हे त्यांनी मान्य केलं आणि आणखी एक केली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

दुसरं म्हणजे, वाटणीआधी सामाईक बाजूला काढलं. प्रत्येक सहा मैल बाय सहा मैलांच्या टापूतला 16 नंबरचा चौरस शाळेसाठी, 29 नंबरचा धर्मकार्यासाठी. दोन पूर्ण टापू विद्यापीठासाठी. 1804 मध्ये स्थापन झालेलं अथेन्सचं ओहायो विद्यापीठ त्यातूनच उभं राहिलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. उरलेले पैसे कंपनीला भरता आले नाहीत. 1792 मध्ये काँग्रेसने साडेसात लाख एकर पक्के करून दिले आणि सैनिकी हक्कपत्रांवर आणखी सुमारे 2,14,000. भाग उरले 822. गुणून बघा, हिशोब जवळजवळ तंतोतंत जुळतो. मी कागदावर करून बघितला तेव्हा उगीचच बरं वाटलं.

पण एक हिशोब जुळत नाही. ती जमीन रिकामी नव्हती. लेनापे, शॉनी, वायंडॉट लोक तिथले. सरकारने केलेले तह त्यांच्यातल्या अनेकांना मान्यच नव्हते. 2 जानेवारी 1791 ला बिग बॉटम इथल्या वस्तीवर हल्ला झाला, डझनभर माणसं मारली गेली. त्यानंतर काँग्रेसने एक लाख एकरांचा पट्टा फुकट वाटायला दिला, प्रत्यक्ष राहून सीमा राखणाऱ्या माणसाला शंभर एकर. म्हणजे माणसांचंच कुंपण. 1795 च्या ग्रीनव्हिलच्या तहाने लढाई थांबली आणि ओहायोचा बहुतेक भाग मूळ लोकांच्या हातून गेला. इतकी न्याय्य, इतकी विचारपूर्वक वाटणी, पण ज्यांची जमीन त्यांच्या नावाची चिठ्ठी टोपीत नव्हतीच.

गावात एक प्राचीन मातीचा टेकाड आहे, शेकडो-हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी रचलेला. त्याच्याभोवती या वसाहतवाल्यांची स्मशानभूमी. पटनमही तिथेच पुरलेला. आप्पा तिथे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आमच्या वाटणीत चिठ्ठ्या टाकल्या होत्या. धाकट्याला मुरमाड आली. चिठ्ठी खोटी नव्हती रे, तुकडेच चुकीचे पाडले होते. आणि आत्याला तर कोणी विचारलंसुद्धा नाही." एवढंच. परतीच्या वाटेवर गाडीत ते गप्प होते.

आप्पा आता नाहीत. मी दादाला फोन केला. म्हटलं, आधी रस्ता आणि विहिरीची जागा सामाईक काढू. मग रस्त्याकडचे पाच आणि ओढ्याकडचे पाच तुकडे पाडू, दोनदा चिठ्ठ्या टाकू. प्रत्येकाला थोडं हे, थोडं ते. आणि तिथे वीस वर्षं कसणाऱ्या माणसाशी कोण बोललंय?

पलीकडे बराच वेळ शांतता.

"त्याच्याशी मी बोलतो," दादा म्हणाला. "चिठ्ठ्या नंतर."