डिकन्सचे बिऱ्हाड जिनोआला जाते

चार्ल्स डिकन्सचे ‘पिक्चर्स फ्रॉम इटली’ हे 1846 सालचे पुस्तक त्याच्या कादंबऱ्यांच्या मानाने फारच कमी वाचले जाते. आम्हीही ते प्रथम उघडले ते ‘लिटल डॉरिट’ शिकवताना, निव्वळ संदर्भासाठी. त्या वाचनात एक गोष्ट खटकली. पुस्तकाच्या आरंभी पॅरिसहून एक भली मोठी प्रवासी गाडी निघते आणि संध्याकाळी वाटेतल्या एका मुक्कामाच्या हॉटेलापाशी थांबते. गाडीतून कुटुंबप्रमुखाची पत्नी उतरते, मग तिची बहीण, मग पहिला मुलगा, पहिली मुलगी, दुसरी मुलगी, दुसरा मुलगा. शेवटी तान्हे बाळ वर उचलून दाखवले जाते आणि हॉटेलाच्या मालकिणीचे सारे कौतुक त्याच्यावर ओतले जाते. प्रसंग फार गमतीचा आहे. पण कोणालाही नाव नाही, आणि हे कुटुंब एकदा गाडीतून उतरले ते पुस्तकातूनही जवळजवळ उतरतेच. पुढची इटली एकटा डिकन्स पाहतो.

ही माणसे कोण, ती इतक्या दूर का निघाली आणि ही सगळी जुळवाजुळव कोणी केली, हे प्रश्न साहित्याचे की इतिहासाचे, याचा निवाडा वाचकांनी करावा. आम्हांला ते एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

प्रवासाचे मूळ पैशांत आहे. 1843 मध्ये ‘मार्टिन चझलविट’ मासिक भागांत निघत होती आणि तिचा खप अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी होता. महिना 200 पौंडांच्या मोबदल्यातून 50 पौंड कापून घेण्याचे एक कलम करारात होते. प्रकाशकांनी त्याची आठवण करून दिली आणि डिकन्स दुखावला. नोव्हेंबर 1843 मध्येच त्याने आपला मित्र आणि पुढे चरित्रकार झालेला जॉन फॉर्स्टर याला आपला बेत कळवला: लंडनचे घर भाड्याने द्यायचे, बिऱ्हाड परदेशात न्यायचे आणि स्वस्तात राहायचे. तेव्हा डोळ्यांसमोर इटली नव्हती, नॉर्मंडी किंवा ब्रिटनी होती. डिसेंबरात ‘अ ख्रिसमस कॅरोल’ आले आणि नाताळापूर्वीच त्याच्या 6,000 प्रती संपल्या. पण रंगीत चित्रे आणि देखणी बांधणी यांवर इतका खर्च झाला होता की, हजार पौंडांची आशा धरलेल्या लेखकाच्या पदरात या पहिल्या खपापोटी 230 पौंडच पडले. पुस्तकाची चोरटी नक्कल काढणाऱ्यांवर त्याने दावा लावला, तो जिंकलाही. प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि सुमारे 700 पौंडांचा खर्च जिंकणाऱ्याच्याच गळ्यात आला. त्यातच जानेवारी 1844 मध्ये पाचवे अपत्य जन्मले. परदेशी सुटी म्हणून आपण जे वाचतो, ते प्रत्यक्षात एका ओढग्रस्त गृहस्थाने खर्च आवरण्यासाठी केलेले स्थलांतर होते. नव्या प्रकाशकांकडून, म्हणजे ब्रॅडबरी आणि इव्हान्स यांच्याकडून, पुढील आठ वर्षांच्या लेखनातील चौथ्या हिश्शापोटी 2,800 पौंडांची उचल मिळाली तेव्हाच ते शक्य झाले.

इटली म्हणजे तरी कोणती? इटली नावाचे एकसंध राज्य 1861 पर्यंत अस्तित्वातच नव्हते. जिनोआ 1815 पासून सार्डिनियाच्या राज्यात होते. जागेची निवडही पुस्तकी म्हणावी अशीच झाली. जिनोआजवळच्या आल्बारो या उपनगरात बायरन राहिला होता, त्याचेच घर मिळाल्यास पाहावे अशी डिकन्सची इच्छा होती. पण त्या घराची पार रया गेली होती, तिथे हलक्या प्रतीचा दारूचा गुत्ता चालत होता. मग इटलीत राहणारा शिल्पकार मित्र अँगस फ्लेचर याने आल्बारोतच दुसरे घर ठरवले. घराचा मालक खाटीक होता आणि भाडे घराच्या मानाने जबर होते, हे डिकन्सला तिथे गेल्यावर कळले. न पाहता दूरदेशी घर घेणाऱ्यांच्या नशिबी असे येतेच, मग तो घेणारा माणसे ओळखण्यात कितीही तरबेज असो.

तयारीचा तपशील मात्र मन लावून वाचण्याजोगा आहे. इटालियनची शिकवणी लावली. घराला भाडेकरू अपेक्षेआधीच मिळाल्यामुळे निघण्यापूर्वीचे काही आठवडे सगळ्यांना ऑस्नबर्ग टेरेसमधल्या दुसऱ्या घरात काढावे लागले. म्हणजे प्रवासापूर्वीच एकदा बिऱ्हाड हलले. मग गाडी. बारा माणसे आणि सामान मावेल अशी एक जुनी, अवाढव्य गाडी डिकन्सने शोधून काढली. साठ पौंड सांगितले होते, ती त्याने पंचेचाळीसला पाडून घेतली. दिवसाचे कंदील, रात्रीचे कंदील, चामड्याचे कप्पे यांचे वर्णन तो पत्रात असे करतो, की वाहनापेक्षा घरच विकत घेतले असावे. सर्वांत मोलाची खरेदी मात्र लुई रोश हा वाटाड्या. अशा वाटाड्याने घोडे ठरवायचे, मुक्काम ठरवायचे, सामान मोजायचे आणि सकाळी बिलावरून हॉटेलवाल्याशी हुज्जत घालायची. पुस्तकात नाव नसले तरी मानाचे विशेषण त्यालाच मिळाले आहे: ‘शूर’.

2 जुलै 1844 रोजी मंडळी लंडनहून निघाली. बत्तीस वर्षांचा डिकन्स, एकोणतीस वर्षांची कॅथरिन, तिची सतरा वर्षांची बहीण जॉर्जिना हॉगार्थ, पाच मुले, रोश, तीन स्त्री-नोकर आणि टिंबर नावाचा कुत्रा. मुलांत थोरला चार्ली साडेसात वर्षांचा, धाकटा फ्रान्सिस साडेपाच महिन्यांचा. बुलोनला उतरल्यावर डिकन्सने पेढीत जाऊन जुळवून ठेवलेले फ्रेंच भाषण केले; समोरच्या माणसाने पैसे कसे हवेत ते शांतपणे इंग्रजीत विचारले. पाच फ्रँकांची नाणी इतकी झाली, की दोन लहान पोत्यांत भरून न्यावी लागली, आणि ती हरवली असे मध्येच वाटून त्याला घाम फुटू लागला. पुढे पॅरिस, शालों, तिथून सोन नदीतून आगबोटीने ल्यों, रोन नदीतून आव्हिन्यों, मग मार्सेय आणि समुद्रमार्गे जिनोआ. 16 जुलैला मंडळी पोचली. दोन आठवडे!

आल्बारोच्या घराला डिकन्सने ‘गुलाबी तुरुंग’ असे नाव ठेवले. दिवसा उन्हासाठी खिडक्या बंद, रात्री डासांसाठी बंद. पिसवा इतक्या, की बिचाऱ्या टिंबरच्या अंगावरचा केस न् केस कापून टाकावा लागला. विंचू, पाली, बेडूक यांच्यावर डिकन्स बहारीचे लिहितो. अशा घरात पाच मुलांचे उन्हाळी दुखणेखुपणे आणि तान्ह्या बाळाच्या रात्री कोण काढत होते, यावर पुस्तक गप्प आहे. शरदाच्या सुरुवातीला बिऱ्हाड शहरातल्या पालाझ्झो पेस्किएरे या चित्रांनी भरलेल्या वाड्यात गेले. तिथेच जिनोआच्या घंटानादातून ‘द चाइम्स’ लिहिले गेले.

आता कॅथरिनविषयी. 1842 साली अमेरिकेला जाताना चार मुले लंडनला ठेवून तिला नवऱ्याबरोबर सहा महिने जावे लागले होते. त्या बेताचे नाव काढताच ती रडू लागे. मुलांचे एक चित्र काढून घेऊन ते तिने प्रवासभर जवळ बाळगले. दोन वर्षांनी सगळी मुले गाडीत बसली, ती या अनुभवानंतर. काटकसरीच्या हिशेबात एक तान्हे मूल आणि दोन दाया बसवणे सोपे नाही. ते बसवले गेले यामागे कॅथरिनचा शब्द असावा, असे आमचे अनुमान आहे. अनुमान एवढ्यासाठीच म्हणावे लागते, की तिची बाजू कागदावर फारशी उरलेली नाही. 1860 च्या सप्टेंबरात डिकन्सने आपल्याला आलेली पत्रे गॅड्‌स हिलच्या आवारात जाळून टाकली. उलट त्याची स्वतःला आलेली पत्रे कॅथरिनने 1858 मध्ये विभक्त झाल्यावरही जपली आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवावीत असे मुलीला सांगितले. त्यामुळे जिनोआच्या त्या वर्षाविषयी जे बोलते ते त्याच्याच हातचे अक्षर. अभ्यासक ‘डिकन्सची इटली’ असा शब्दप्रयोग सहज करतात (आम्हीही वर्गात केला आहे), तेव्हा निवड डिकन्सने नव्हे, त्या शेकोटीने केलेली असते.

भारतीय वाचकाला त्या गाडीतल्या दोन मुलांपाशी थांबावेच लागेल. दुसरा मुलगा, साडेतीन वर्षांचा वॉल्टर, 1857 मध्ये सोळाव्या वर्षी लष्करी नोकरीसाठी भारतात पाठवला गेला आणि 31 डिसेंबर 1863 रोजी कलकत्त्यात कर्जबाजारी अवस्थेत वारला. ज्याच्यावर हॉटेलच्या मालकिणीचे कौतुक सांडले होते ते बाळ, फ्रान्सिस, बंगालच्या घोडदळ-पोलिसांत दाखल व्हायला 1864 च्या आरंभी येऊन पोचला, तेव्हा भावाच्या मृत्यूची बातमीच त्याच्या पुढ्यात आली. उष्ण, अनोळखी देशात माणसे धाडून घरखर्चाचा भार हलका करण्याची युक्ती डिकन्सने पुन्हा वापरली; या खेपेला गाडीत आई नव्हती.

‘लिटल डॉरिट’च्या दुसऱ्या भागात डॉरिट कुटुंब वाटाड्या, नोकरचाकर आणि सामानसुमानासह आल्प्स ओलांडून इटलीत जाते, तेव्हा 1844 ची गाडी आम्हांला पुन्हा दिसते. मात्र इथे प्रवास पाहणारी आहे ती घरातली धाकटी मुलगी, आजवर सगळ्यांचे करत आलेली आणि आता काहीच काम न उरल्यामुळे गोंधळलेली. जे प्रवासवर्णनात लिहिले नाही ते डिकन्सने दहा वर्षांनी कादंबरीत लिहिले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही अर्ध्यावर आवरतो; एमी डॉरिट म्हणजे कॅथरिन नव्हे.

नोकरमंडळींचे काय झाले, हे मात्र फॉर्स्टरला लिहिलेल्या पत्रांतून थोडे कळते. त्यांनी इटालियन शब्द उचलायला सुरुवात केली होती. दर रविवारी रात्री गव्हर्नरच्या वाड्यावर नोकरांचा मेळावा भरे, तिथे त्यांच्यातले काही जात. मध्येच सुरू होणाऱ्या नाचांचा प्रथम बसलेला धक्का हळूहळू ओसरला. जून 1845 मध्ये मंडळी स्वित्झर्लंडमार्गे इंग्लंडकडे निघण्याच्या बेतात होती, तेव्हा घरच्या इंग्रज स्वयंपाकिणीने आपण परत येत नसल्याचे सांगितले. तिने जिनोआतच लग्न करून राहायचे ठरवले होते.