अठरा जणींची नेमणूक

१९१८च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या युद्धखात्याने जाहीर केलं की रेड क्रॉसकडे नोंदलेल्या कृष्णवर्णीय परिचारिकांना सहा लष्करी तळांवरच्या इस्पितळांत काम दिलं जाईल. तळांची नावंही दिली होती : कॅन्ससमधला फन्स्टन, इलिनॉयमधला ग्रँट, आयोवातला डॉज, केंटकीतला टेलर, ओहायोतला शर्मन आणि न्यू जर्सीतला डिक्स. या तळांवर मिळून सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते. हा तपशील एमेट स्कॉट यांच्या १९१९ साली निघालेल्या इतिहासग्रंथात आहे. स्कॉट स्वतः युद्धमंत्र्यांचे विशेष साहाय्यक होते, त्यामुळे ही नोंद खात्याच्या आतल्या माणसाची आहे.

आता प्रत्यक्ष नेमणुकांच्या तारखा पाहाव्यात. त्या डिसेंबरातल्या आहेत. तळही सहा नाहीत, दोनच आहेत : शर्मन आणि ग्रँट. प्रत्येकी नऊ, अशा एकूण अठरा जणी. घोषणा आणि नेमणूक यांच्या मधल्या महिन्यांत इन्फ्लुएंझाची मोठी लाट येऊन गेली. आपल्याकडे मानमोडीची साथ म्हणून लोकांच्या आठवणीत राहिली तीच ही. आणि ११ नोव्हेंबरला युद्धही थांबलं.

या अठरा जणींना युद्धकार्याने सैन्यात आणलं, असं सर्रास लिहिलं जातं. तारखांशी ते जुळत नाही. लढाई चालू होती तोवर सैन्याला त्यांची गरज वाटली नव्हती.

त्या काळी अमेरिकेत नर्सिंग शिकणं म्हणजे काय होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. इस्पितळातलं बहुतेक काम विद्यार्थिनीच करत. पदवी हाती आली की बहुतेकींनी घरोघर जाऊन खासगी शुश्रूषा करायची, असा रिवाज होता. वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलची शाळा किंवा न्यूयॉर्कची लिंकन शाळा इथे शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीपुढे वाटा त्याहून कमी होत्या. कृष्णवर्णीयांसाठीची मोजकी इस्पितळं, खासगी घरं, थोडंफार सार्वजनिक आरोग्याचं काम, बस्स. रेड क्रॉसच्या नोंदणीत नाव येणं म्हणजे देशाने आपल्या शिक्षणावर शिक्का मारणं. पण त्या नोंदणीसाठी किमान ५० खाटांच्या इस्पितळातलं प्रशिक्षण लागे आणि परिचारिकांच्या व्यावसायिक संघटनेचं सदस्यत्व लागे. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत ही संघटना कृष्णवर्णीय परिचारिकांना घेतच नव्हती. नियमात रंगाचा उल्लेख असण्याची गरजच नव्हती.

लिंकन शाळेच्या अ‍ॅडा थॉम्स यांनी हे सगळं अंगावर सोसलं होतं. १९०६ ते १९२३ अशी सतरा वर्षं त्यांनी ती शाळा चालवली, पण कार्यवाहक संचालक म्हणूनच. कृष्णवर्णीय असल्यामुळे पूर्ण पद त्यांना कधी मिळालं नाही. अमेरिका १९१७च्या एप्रिलात युद्धात उतरली तेव्हा त्यांनी आपल्या परिचारिकांना नोंदणी करायचं आवाहन केलं आणि रेड क्रॉसच्या परिचारिका विभागाच्या प्रमुख जेन डेलानो यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. डेलानो यांची सहानुभूती होती, पण सैन्याच्या सर्जन जनरलकडून मागणी येईपर्यंत रेड क्रॉस कोणाला पाठवू शकत नव्हतं. सैन्याचं उत्तर होतं, वेगळ्या राहण्याची सोय नाही. थॉम्स यांचं १९२९चं ‘पाथफाइंडर्स’ हे पुस्तक या लढ्याचं मोठं साधन आहे. ते लिहिणारी बाई त्या लढ्यात स्वतः उतरलेली होती, हे ध्यानात ठेवून ते वाचावं लागतं. त्याने पुस्तकाचं मोल कमी होत नाही.

२ जुलै १९१८ रोजी फ्रीडमेन्सच्या माजी विद्यार्थिनी फ्रान्सिस इलियट यांची रेड क्रॉसमध्ये नोंद झाली. नोंद झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय परिचारिका. बिल्ला मिळाला, त्यावर क्रमांक होता ‘१ ए’. गोऱ्या परिचारिकांच्या क्रमांकापुढे अक्षर नसे. हे ‘ए’ कृष्णवर्णीयांसाठी होतं. ज्या बिल्ल्याने आपलेपणा द्यायचा, त्याच्यावरच वेगळेपणाची खूण कोरलेली. हा बिल्ला मला त्या वर्षातल्या कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त सांगतो.

एलीन कोल ह्याही फ्रीडमेन्सच्याच. त्यांनी नोंदणी केली आणि बोलावण्याची वाट पाहत राहिल्या. बोलावणं आलं ते आघाडीवरचं नव्हतं, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींच्या वस्त्यांचं होतं. तिथे खाणकामगारांची कुटुंबं तापाने आडवी झाली होती आणि बघायला कोणी नव्हतं. रेड क्रॉसने कोल आणि त्यांच्या सोबतिणींना तिकडे धाडलं. एकेकीच्या वाट्याला एकेक वस्ती. नुकतीच कामाला लागलेली परिचारिका, हाताशी वरिष्ठ नाही, आणि घरामागून घर आजारी. सैन्याने ज्यांना जागा नाही म्हणून थांबवलं होतं, त्यांना साथीने असं कामाला लावलं.

डिसेंबरात कोल शर्मन तळावर पोचल्या. त्या तळावर शरद ऋतूत साथीने सुमारे १,२०० बळी घेतले होते. शेजारच्या चिलिकोथी गावातल्या नाट्यगृहात प्रेतं ठेवायची वेळ आली होती. इथे या नऊ जणींनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही सैनिकांची शुश्रूषा केली. त्यांच्या राहण्याची जागा मात्र वेगळी ठेवली गेली. रुग्णाच्या उशाशी भेद नव्हता, ड्यूटी संपल्यावर होता. मुख्य परिचारिका होत्या मेरी रॉबर्ट्स, पुढे ‘अमेरिकन जर्नल ऑफ नर्सिंग’च्या संपादक झालेल्या. १९१९च्या ऑगस्टात सगळ्यांना सेवामुक्त केलं गेलं.

त्याच नियतकालिकात १९६३ साली कोल यांनी आपली आठवण लिहिली. पंचेचाळीस वर्षांनी लिहिलेली आठवण म्हणून ती थोडी जपूनच वापरायला हवी, पण तिचा सूर विश्वास बसावा असा आहे. आपण युद्ध संपल्यावर पोचलो, आपल्या कथेत पराक्रम नाही, हे त्या सरळ सांगतात. आपापल्या कामातून समान वागणुकीची बाजू शांतपणे बळकट केली, एवढाच त्यांचा दावा आहे.

माझं मत असं : साथीने माणसं कमी पाडली म्हणून दार उघडलं, आणि दारात उभ्या राहायला नावं तयार होती ती थॉम्स यांच्या चिकाटीमुळे. दोन्हींपैकी एक नसतं तर अठराही गेल्या नसत्या. पण गरज म्हणजे स्वीकार नव्हे. ऑगस्ट १९१९ नंतर शाळेतून बाहेर पडणाऱ्या कृष्णवर्णीय मुलीसाठी सैन्याची वाट पुन्हा बंद होती. १९४१ साली दुसऱ्या युद्धासाठी ती उघडली, तेव्हा आधी मर्यादा घातली गेली ५६ जणींची.